अकरा पायऱ्या आणि भिवाची पोच

कडेपठार गावात भिवा नावाचा एक भोळा गडी होता. अंगात बैलाची ताकद, पण डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची.

गावच्या सरकारी दवाखान्याला अकरा पायऱ्या होत्या. गजराअक्काचे पाय लहानपणीच गेलेले. भिवा तिला पाठीवर घेऊन वर चढवायचा. अक्काला असं जाण्याचा भारी संताप यायचा. औषधाला यायचं, तर पोत्यासारखं का यायचं? तिनं तालुक्यातल्या दिव्यांगांची संघटना बांधली. मागणी एकच: दवाखान्याला रॅम्प हवा आणि त्याची तरतूद राज्याच्या बजेटात हवी.

पहिलं निवेदन भिवानं कचेरीत नेलं, टेबलावर ठेवलं आणि परत आला. महिन्यानं कचेरी म्हणाली, कसलं निवेदन?

अक्कानं कपाळाला हात लावला. "अरे, काहीही ताब्यात दिलं, की शिक्का मारलेली पोच घ्यायची. त्याशिवाय हलायचं नाही."

"बरं," भिवा म्हणाला.

अक्कानं दुसरं निवेदन धाडलं, तेव्हा पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याचे साहेब पायऱ्या बघायला आले. उन्हानं त्यांचा घसा सुकला होता. भिवानं तांब्याभर पाणी दिलं आणि कोरा कागद पुढे धरला. पाणी दिल्याची पोच हवी, शिक्क्यासकट. साहेबांच्या खिशात शिक्का कुठला? भिवा गाडीपुढून हलेना. शेवटी साहेब गाडी तिथंच सोडून एसटीनं गेले. पायऱ्या बघायच्या राहिल्या.

अक्का म्हणाली, साहेबांना अडवू नये. साहेब बोलले, की हात जोडून 'आपली कृपा' म्हणावं.

"बरं."

साहेब पुन्हा आले. पायऱ्या मोजल्या आणि म्हणाले, रॅम्प होणार नाही. अक्का तोंड उघडणार, तोच भिवानं हात जोडले. "आपली कृपा." साहेबांनी अहवालात लिहिलं, संघटना समाधानी आहे.

आता अक्का रडायचीच बाकी होती. "कुणी नाही म्हणालं, की दारात आडवं पडायचं. हो म्हणेपर्यंत उठायचं नाही."

"बरं."

अक्का हार मानणारी नव्हती. दोन वर्षं तिनं आमदारांचे उंबरे झिजवले आणि एकदाचा रॅम्प बजेटात आला. मंजुरीच्या दिवशी ती भिवाला घेऊन राजधानीला गेली. दोघं सभागृहाच्या गॅलरीत बसली.

अध्यक्षांनी विचारलं, "कडेपठारच्या रॅम्पला कुणाचा विरोध आहे का?"

सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "नाही."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिनं शेजारी बघितलं, तर भिवा जागेवर नव्हता. तो खाली सभागृहाच्या दारात आडवा झाला होता.

शिपायांनी ओढला, हलेना. जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे आमदार दाराशी अडकले. वरून अक्का म्हणाली, "अरे ऊठ, मंजूर झालं."

"समदे नाही म्हणालेत, अक्का. हो म्हणू दे, मग उठतो."

अध्यक्षांना कडकडून भूक लागली होती. त्यांनी सगळ्यांना जागेवर बसवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी हो म्हणून टाका, असंही सांगितलं. सगळे म्हणाले, "हो."

लेखनिकानं इमानदारीत लिहून घेतलं: रॅम्पला सर्वांचा विरोध. सभागृहात एकदा लिहिलं की लिहिलं.

भिवा उठला आणि हात जोडून म्हणाला, "आपली कृपा."

पुढच्या बजेटासाठी अक्कानं नवं निवेदन लिहिलंय. ते ती स्वतःच नेणार आहे. तोवर अकरा पायऱ्या भिवाच चढतो. आणि अक्काला डॉक्टरांच्या ताब्यात दिलं, की शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलत नाही.