खोतांच्या बोटीची पंधरा वर्षं

“हैऽस्सा! हैऽस्सा!” वाळूवरून होडी ओढताना माणसं द्यायची ती हाळी मी लहानपणी ऐकली, ती अजून कानात आहे. आमच्या आडबंदरात रीत अशी, की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळायचाच. मग तो होडी हाकणारा तांडेल असो, नाहीतर वाटेने चाललेला भटजी. याच रीतीने एका श्रावणात दाजीबा खोतांना पेचात पकडलं.

खोतांना मोटरबोट ओढायला पिकअप घ्यायची होती. दोन कंपन्यांचे दोन विक्रेते आपापली गाडी घेऊन सकाळपासून अंगणात भांडत होते, आणि मी ओट्यावर बसून ऐकत होतो. एकाची गाडी नुसत्या बॅटरीवर चालणारी. दुसऱ्याचीही बॅटरीचीच, पण तिच्या पोटात एक छोटं पेट्रोल इंजिन. ते चाकं फिरवत नाही, बॅटरी संपत आली की वीज तेवढी करतं.

“माझी एका चार्जिंगला चारशे किलोमीटर जाते!” पहिला म्हणाला.

“मागे बोट लावून?” दुसऱ्याने विचारलं.

पहिला खाली बघू लागला. “बोट लावली तर... निम्मं धरा.”

“आणि घाट चढताना?”

“तुझ्या गाडीत ऑइल बदला, फिल्टर बदला! या खाऱ्या वाऱ्यात दहा वर्षांनी त्या इंजिनाचं काय होईल?”

“आणि तुझी बॅटरी दहा वर्षांनी तरणी राहणार होय?”

खोत वैतागले. तेवढ्यात आवडा कुबल फाटकातून आत आली. मासळी विकणारी, पन्नाशीची बाई. नवी गाडी ठेवायला खोत शेड बांधणार होते, आणि तीही नेमकी बायका सुकी मासळी वाळवायच्या त्या खळ्यावर.

“खोतांनू, खळं गेलं तर आम्ही बांगडे काय डोक्यावर वाळवायचे?”

“आलीस? गावात सगळ्यांना अक्कल शिकवतेस ना? मग सांग, यातली कुठली गाडी घेऊ? पंधरा वर्षं वापरायची आहे. पण तोंडाने नको. पुढची पंधरा वर्षं मला दिवस मावळायच्या आत डोळ्यांनी दाखव! दाखवलीस तर खळं तुमचं. नाही दाखवलीस तर उद्या पाया खणतो!”

विक्रेते हसले. कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं.

आवडाने पदर खोचला. “दिवस मावळायला कशाला हवा? चला बोटीपाशी.”

मागल्या मांगरात, म्हणजे जुन्या कौलारू खोपीत, बोट ट्रेलरवर चढवून ठेवलेली होती. खोतीणबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या, त्याही मागून आल्या. आवडा ट्रेलरच्या चाकाशी उकिडवी बसली.

“खोतांनू, हात लावा. काय लागतं?”

खोतांनी चाचपलं. “रबराचे केस.”

“नव्या टायरवर असतात, ते. रस्त्यावर चाललं की झडतात. ट्रेलर घेऊन किती वर्षं झाली?”

“बोटीबरोबरच घेतला. पंधरा,” खोत पुटपुटले. टायर न चालताच म्हातारं झालं होतं. रबराला भेगा, पण केस शाबूत!

“बोट घेतलीत तेव्हा म्हणालात, घाटावर नेईन, या वैनींच्या माहेरच्या धरणात फिरवीन. घेतली त्या वर्षापासून ती दर्यावर जाते दोनशे पावलं आणि येते दोनशे पावलं. वर्षातून दोन खेपा, त्याही ट्रेलरविना, आमच्या हातांनी! आता आत बघा.”

खोत बोटीत डोकावले. कोंबडी फडफडत उडाली. आसनाखाली पाच अंडी!

“झाली पंधरा वर्षं बघून,” आवडा म्हणाली. “मागची तशी पुढची. दोनशे पावलं आणि बाजारहाट एवढंच असेल, तर बॅटरीची घ्या. रात्री घरीच चार्ज होईल, ऑइलची कटकट नाही. खरंच घाट चढून वैनींच्या माहेरी जायचं असेल, तर इंजिनवाली घ्या. कुठं जायचं ते गाडीला माहीत नसतं, खोतांनू. ते तुम्हाला ठाऊक!”

“आणि खळं?” खोतांनी डोळे बारीक केले.

“ते पैजेवर लावायलाच नको होतं. पंधरा वर्षं दोराला हात लावलाय आम्ही. वाटा कधी मागितला?”

खोत आधी लाल झाले. मग त्यांच्या पोटातून हसू फुटलं, ते मांगराचे वासे हलतील असं!

“वाटा घे बाई, वाटा घे! खळं तुमचं, आजपासून कायमचं. गाडी इथेच मांगरात राहील. आणि येत्या पुनवेला नारळही माझ्याकडून!”

मग ते पहिल्या विक्रेत्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “ठरलं! बॅटरीचीच आण. आपल्याला कुठे घाट चढायचाय?”

सगळे हसले. मीही हसलो.

खोतीणबाईंनी चहाचे कप खाली ठेवले. बोटीत वाकून पाचही अंडी पदरात घेतली, आणि घाटाच्या दिशेने एकदा बघून त्या घराकडे चालू लागल्या.