वाढवलेली रेस

"आता गाडी बंद नाही ना पडत? मग आणली काहून?" रज्जाक उस्तादांनी विचारलं.

निळकंठने इंजिन चालूच ठेवलं. यांच्याच हाताखाली तो शिकला, मग वर्ध्यातच स्वतःचं गॅरेज काढलं. एसीच्या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आणि स्वतःच्याच जुन्या गाडीपुढे त्याने हात टेकले होते.

"एसी लावला की इंजिन बसायचं, उस्ताद. सिग्नलला गाडी बंद. गॅस पाहिला, कॉम्प्रेसर पाहिला, प्लग बदलले. शेवटी स्क्रू पिळून रेसच वाढवली."

"अन् आता?"

"आता उभ्या उभ्या गुरगुरते. प्रणिताला आणायला आर्वीला जायचंय. या उन्हात एसीशिवाय कशी आणू तिला?"

प्रणिता, त्याची बायको, बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी बारशाआधीच गेली. तिला माती देऊन निळकंठ जो परतला, तो पुन्हा आर्वीला फिरकला नव्हता. काम फार आहे, म्हणायचा. ते खरंही होतं. एवढं काम त्याने शोधून काढलं होतं.

मागच्या सीटवर बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी पडून होती. कधीच न उघडलेली.

उस्तादांनी ती पाहिली… मग बॉनेट उघडलं.

"फोन येते तिचा?"

"येतो."

"रडते?"

"रडायला लागली की मी दुसरं काही काढतो. गाड्यांचं, गिऱ्हाइकांचं. दोघांपैकी एकाने तरी उभं राहायला पाहिजे ना."

"हं…"

उस्तादांनी पेचकस घेतला. निळकंठने पिळलेला स्क्रू सैल केला. गुरगुर उतरली.

"लाव एसी."

"बंद पडेल."

"लाव."

इंजिन थरथरलं, खाली बसू लागलं. तेवढ्यात कुठूनतरी बारीक सुस्कारा आला, दातांतून हवा ओढल्यासारखा… आणि गाडी बंद पडली.

गाडी पुन्हा चालू करायला निळकंठचा हात आपसूक किल्लीकडे गेला. उस्तादांनी खिडकीतून त्याचं मनगट धरलं.

"ऐकलं?"

"नळी…"

एसीचं ओझं आलं की इंजिनाला जरा उचलून धरते, ती रबराची बारीक नळी. भेगाळली होती. हे तर त्याला उस्तादांनी पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं.

"माझ्याच गाडीत मला कसं नाही ऐकू आलं?"

उस्तादांनी नुसता अंगठ्याने तो गुरगुर वाढवणारा स्क्रू दाखवला.

नवी नळी बसली. एसी लागला, इंजिन क्षणभर दबलं आणि सावरलं. निळकंठ मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिला. आरशात मच्छरदाणी दिसत होती.

"उस्ताद… तिथे ती रडायला लागली, अन् तिच्यासमोर मीच ढासळलो तर?"

उस्तादांनी बॉनेट हलकेच मिटलं.

"तर पडू दे बंद. किल्लीला हात नको लावू."