सुरंगीचा हात आणि आईचा हात

आटपाट नगर नव्हतं ते, साधंसुधं गाव होतं. तिथे राजा नव्हता, राजवाडा नव्हता, आणि हत्ती तर कोणी चित्रातच पाहिलेला. पण गावाच्या टोकाला, विहिरीच्या पलीकडे, एक इवलीशी बाग होती आणि बागेत एक इवलंसं घर. बागेत केशरी अबोली होती, पिवळीधमक शेवंती होती, पांढरीशुभ्र गुलछडी होती. घरात इंदू फुलारीण होती आणि तिची नऊ वर्षांची लेक सुरंगी. सुरंगी पाळण्यात होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले, म्हणून दोघींना दोघींचाच आधार.

इंदूसारखा गजरा पंचक्रोशीत कोणी बांधत नसे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायची, डाव्या हातात कळ्यांची जोडी धरायची आणि उजव्या हाताने अशी भराभर गाठ मारायची, की बघणाऱ्याला गाठ दिसायचीच नाही, नुसता गजरा लांब होत जाताना दिसायचा.

मग एके सकाळी फुलं तोडता तोडता इंदूच्या हातातून परडी पडली आणि परडीमागोमाग इंदूही पडली. लोक म्हणाले, लकवा मारला. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे जाणारी एक नस बंद झाली. काहीही म्हणा, इंदूचं उजवं अंग लुळं पडलं. तालुक्याच्या दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा बोलत होती, काठी टेकत चार पावलं चालतही होती. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

दवाखान्यात फिजिओथेरपीच्या ताई होत्या, सगळे त्यांना व्यायामाच्या ताई म्हणत. त्यांनी एक कागद दिला होता, त्यावर चित्रं काढून. "हात मेला नाही हं सुरंगी," त्या म्हणाल्या होत्या, "तो काम विसरलाय. रोज शिकवायचं. कंटाळायचं नाही." आठ दिवस मायलेकींनी कागदाप्रमाणे सगळं केलं. हात काही हलेना. नवव्या दिवशी कागद खिळ्याला गेला.

आणि सुरंगीने एक सुंदर युक्ती काढली. ती आईच्या उजवीकडे अगदी खेटून बसली. आईचा डावा हात कळ्या धरायचा आणि सुरंगीचा उजवा हात गाठ मारायचा. दोघींचा मिळून एक गजरा! हळूहळू सुरंगीचा उजवा हात आईला भरवू लागला, आईची वेणी घालू लागला, आईच्या डोळ्यातलं कुसळ काढू लागला. गाव म्हणायचं, लेक असावी तर अशी. खरंच होतं ते. पण सुरंगी लहान होती, आणि संध्याकाळी तिची बोटं इतकी दुखायची की पाटीवर अक्षर उमटायचं नाही.

एके सकाळी ती अबोलीपाशी फुलं तोडत होती. झाडावर दव चमचमत होतं. तेवढ्यात पानाआडून कोणीतरी म्हणालं, "दमलीस का गं बाळ?"

सुरंगीने पान बाजूला केलं. आत बोटाएवढी एक परी बसली होती. तिचा परकर अबोलीच्या पाकळीचा होता, नाकात दवाच्या थेंबाची नथ होती, आणि पंख असे झिरझिरीत की त्यांतून पलीकडची शेवंती पिवळी दिसत होती.

"मी उमलपरी," ती म्हणाली. "कळ्यांच्या कानात फुंकर घालायची, हे माझं काम. सकाळी मला मान वर करायला फुरसत नसते. पण तुझ्याशी बोलायचंच होतं. तू दर झाडावर एक फूल ठेवतेस, तोडत नाहीस. का गं?"

"मधमाश्या येतात ना. त्यांना काय उरणार?"

परी हसली. "माग मग, काय हवं ते माग."

सुरंगीला विचार करावा लागला नाही. "माझ्या आईचा हात पहिल्यासारखा कर."

परीचं हसू जरा मावळलं. "पहिल्यासारखा होईल की नाही, ते मला सांगता येणार नाही बाळ. मी खोटं बोलणारी परी नाही. पण हे घे." तिने परकराच्या ओच्यातून एक माळ काढली. तिळाएवढ्या रुपेरी कळ्यांची, शंभर कळ्यांची माळ. "ही तुमच्या दाराला बांध. रोज एक कळी उमलेल, आणि उमलली की आईच्या हाताला कणभर बळ येईल. पण नियम आहेत बरं का."

नियम असणारच, सुरंगीला ठाऊक होतं. फुकट काही देणाऱ्या परीवर कोणी विश्वास ठेवू नये.

"कळी तू सांगून उमलणार नाही. तो हात स्वतः काही करायला निघाला, तरच उमलेल. त्याने सुरू केलेलं काम दुसऱ्या कोणी पुरं केलं, तर त्या दिवसाची कळी मिटून जाईल. आणि ओढाताण करायची नाही. कळी ओढून उघडली तर काय होतं?"

"काळी पडते."

"तर मग. दुखलं की थांबायचं, विसावा घ्यायचा आणि पुन्हा करायचं."

"पण हात निघेल कसा?" सुरंगी रडवेली झाली. "तो तर पडूनच असतो."

"त्याला कामच कुठे आहे? त्याच्या जागेवर तू बसली आहेस."

हे सुरंगीला फार लागलं. "मी मदत करते!"

"करतेस गं, आणि जीव ओतून करतेस," परी हळूच म्हणाली. "म्हणूनच तर उठणं कठीण आहे. उद्यापासून आईच्या डावीकडे बस. आणि खिळ्यावरचा तो कागद काढ. त्या ताईंनी सगळं लिहून दिलंय, त्याहून जास्त मलाही येत नाही. मी फक्त फुंकर घालते."

दुसऱ्या दिवशी सुरंगीने माळ दाराला बांधली आणि आईच्या डावीकडे बसली. तिने आईच्या उजव्या हातापाशी शेवंतीने भरलेली परात ठेवली आणि शेजारी रिकामी परडी. कागदावर पहिलं चित्र तेच होतं. परातीतलं फूल उचला, परडीत टाका.

"इकडे ये ना माझ्या बाजूला," आई म्हणाली.

"नाही आई. आज तू."

आईचा हात इंचभर सरकला, फुलाला लागला आणि तिथेच थबकला. पुन्हा सरकला, पुन्हा थबकला. सुरंगीने स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. दुपारपर्यंत एकही फूल परडीत पडलं नाही. पण संध्याकाळी दारावर 'टप्' असा बारीकसा आवाज झाला आणि पहिली कळी लखकन उमलली.

असे दिवस जाऊ लागले. गजरे कमी झाले, आणि आमटीत डाळीपेक्षा पाणी जास्त दिसू लागलं. हे गावाच्या नजरेतून सुटलं नाही. सगळ्यांत आधी कळलं ते ठकूआत्याला. ठकूआत्या चार घरं सोडून राहायची. तिचे गुडघे इतके दुखायचे की वर्षभर ती आपल्या ओट्यावरून हलली नव्हती. पण दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायला माणसाला कसं कोण जाणे, बळ येतं. काठी टेकत, "आई गं, आई गं" करत ती येऊन दारात उभी राहिली.

आत इंदू उजव्या हाताने आमटीची वाटी तोंडाशी न्यायला बघत होती. वाटी थरथरली, कलंडली, आणि आमटी पदरावर सांडली. सुरंगी शेजारी नुसती बसली होती.

"अगं बाई बाई बाई!" ठकूआत्या कडाडली. "पोटची पोर ना तू? आई सांडते, लवंडते, आणि तू डोळे फाडून बघतेस? याच्यापेक्षा वैरीण बरी!"

सुरंगीचा धीर सुटला. तिने वाटी उचलली, आईला शेवटच्या घोटापर्यंत भरवलं आणि पदर पुसला. आत्या "आता कशी!" म्हणून परत गेली. दारावर त्या दिवसाची कळी हळूच मिटली.

दुसऱ्या दिवशी आईने परातीकडे पाहिलंच नाही. "आज राहू दे. तूच बांध." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी हाताची बोटं पुन्हा आत वळली होती, घट्ट, जुन्या कुलुपासारखी. सुरंगी आईच्या उजवीकडे बसली होती आणि गजरे झरझर होत होते. कोणी काही म्हणत नव्हतं. तिला मात्र आतून फार भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी ती उठली आणि पुन्हा डावीकडे जाऊन बसली.

आता आईच चिडली. "एवढं काय मागते गं मी तुझ्याकडे? एक गाठ मारायची. तेही जड झालं? माझी लाज वाटते का तुला?"

आई असं कधी बोलली नव्हती. सुरंगीला हुंदका आवरेना. "आई, मला तुझा हात व्हायला आवडतं. खूप आवडतं. पण मी तुझा हात झाले ना, की तुझा हात कोणाचाच राहत नाही. तो एकटाच पडून असतो. मला त्याची दया येते."

  आईने डाव्या हाताने उजवा हात उचलून समोर धरला आणि पाहिला. दुखणं आल्यापासून तिने त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. तिने डोळे पुसले.

"परात आण," ती म्हणाली.

त्यानंतर मायलेकींनी हिवाळाभर काय काय केलं म्हणून सांगू! खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. पंचा पिळायचा. भिंतीवर हळदीचं बोट लावून हात तिथपर्यंत न्यायचा. एक दिवस शेवंती तीन आकडे मोजेपर्यंत चिमटीत राहिली, तेव्हा सुरंगी बागभर नाचली. एक दिवस काहीच जमलं नाही, का ते देवाला ठाऊक. फुलांचेही असे दिवस असतात, इंदू म्हणाली आणि झोपली. दारावर कळ्या उमलत होत्या, कधी रोज, कधी दोन दिवसांनी, आणि दार चांदण्याचं असल्यासारखं लुकलुकत होतं. महिन्यातून एकदा दोघी तालुक्याला जाऊन व्यायामाच्या ताईंना हात दाखवायच्या, आणि त्या कागदावर नवं चित्र काढून द्यायच्या.

ठकूआत्याही रोज यायची, नेमाने, भांडायला. चार घरं जायची, चार घरं यायची. होळीपर्यंत तिचे गुडघे असे मोकळे झाले की काठी विसरून घरी जाऊ लागली. श्रेय तिने मोहरीच्या तेलाला दिलं. देऊ दे बापडीला.

चैत्र आला. बागेत मोगऱ्याला टपोऱ्या कळ्या आल्या. एके सकाळी उमलपरी मोगऱ्याच्या पानावर सुरंगीची वाट बघत होती.

"आज शेवटची कळी, बाळ. मग मला पुढच्या गावी जायचंय."

"पण आईचा हात पुरता बरा कुठे झालाय? करंगळी अजून वाकडीच आहे!"

"हो. राहीलही कदाचित वाकडी."

"मग उद्यापासून त्याला बळ कोण देणार?"

 "आज मी तुमच्या दारात बसते," परी म्हणाली.

इंदूने पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला. डाव्या हातात मोगऱ्याची जोडी धरली. उजवा हात उठला, दोऱ्यापाशी गेला. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरी बसली! मग चौथी, मग पाचवी, सैल, वाकडीतिकडी, पण गाठच. सुरंगी श्वास रोखून बघत होती. वीतभर गजरा झाला. आता एक शेवटची गाठ, की पुरा.

आणि दोरा नेमका वाकड्या करंगळीत अडकला. गाठ ढिली पडली, कळ्या घसरू लागल्या. सगळा गजरा आता ओघळणार! सुरंगीला नियम आठवला नाही, कळी आठवली नाही, काहीच आठवलं नाही. तिचा हात सवयीने झपकन पुढे गेला. दारात परीने डोळे गच्च मिटले.

तेवढ्यात कोणीतरी सुरंगीचा हात फटकन बाजूला ढकलला.

"सर पलीकडे," आई म्हणाली. "माझं मी करते."

तिची मान खाली होती, लक्ष सगळं दोऱ्यात होतं. डाव्या हातात तर कळ्या होत्या. सुरंगी आईच्या दुसऱ्या हाताकडे बघतच राहिली. दारावर शेवटची कळी उमलली, सगळं घर मोगऱ्यासारख्या पांढऱ्या उजेडाने भरून गेलं, आणि उजेड ओसरला तेव्हा दारात कोणी नव्हतं.

आईने गाठ मारली. दातांनी दोरा तोडला आणि मग मान वर केली. सुरंगी आपला हात चोळत बसली होती. लागलं होतं तिला, बऱ्यापैकी लागलं होतं. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती.

"काय झालं गं?" आईने घाबरून विचारलं.

सुरंगीने तोच हात पुन्हा आईसमोर धरला.

"आई, अजून एकदा ढकल ना."