गुळाची वाट आणि लिंबाची साल

घाटाखालच्या एका जंगलाच्या काठाला एक खानावळ होती, आणि खानावळीच्या मागच्या गडग्यात एक उंदरीण राहत असे. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, चुना-मातीशिवाय नुसती रचलेली बुटकी भिंत. माणसांना ते कुंपण वाटते. उंदरांच्या लेखी ती भलीमोठी चाळ असते. आपली उंदरीण राहायला नेटकी होती, पण मिरवायला त्याहून पटाईत. वाळक्या गवताने मऊ केलेल्या तिच्या बिळात नुकतीच पाच पिल्ले जन्मली होती. बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, अंगावर लव नाही की डोळे उघडलेले नाहीत. उंदरिणीचा सगळा जीव त्या गवतात गुंतला होता.

तिच्या बिळाच्या बरोबर खाली, गडग्याच्या बुडाशी, एक म्हातारी घूस राहायची. तिचे दात झिजले होते, पाय आखडले होते, आणि तिला एक विचित्र खोड होती. खानावळीत मासळीच्या ताटागणिक लिंबाची फोड वाढत. पिळलेल्या फोडी खरकट्याबरोबर मागच्या उकिरड्यावर येऊन पडत. इतर प्राणी भात, काटे, पापडाचे तुकडे शोधत. घूस तेवढ्या साली उचलून नेई आणि आपल्या दारात पसरून ठेवी.

पिल्ले झाल्याचे कळताच शेजारीपाजारी बाळंतिणीला भेटायला आले. रिकाम्या हाताने बाळ बघू नये, ही रीत जंगलातही आहे. खारीने सावरीचा कापूस आणला. कावळ्याने भाताचे ढेकूळ आणले. घूस दगडादगडाला थांबत, धापा टाकत कशीबशी वर आली आणि तिने उंबऱ्याशी काय ठेवले? पिळलेल्या लिंबाच्या दोन साली!

"पोरी, या दारात असू देत हो," ती म्हणाली. "बारक्यांच्या घरात बऱ्या असतात."

उंदरिणीने नाक मुरडले. "अहो मावशी, रस लोक पिऊन गेले. हा चोथा माझ्या दारात कशाला?"

"उपयोग असतो गं."

"कसला उपयोग? रस संपला की लिंबू संपलं, आणि दात संपले की घूस संपली!"

बोलणे जिभेवरून घसरले खरे, पण उंदरिणीला स्वतःलाच ते इतके आवडले, की तिने ते पुन्हा एकदा, कावळ्याला ऐकू जाईल असे म्हटले. मग शेपटीच्या फटक्याने दोन्ही साली खाली ढकलल्या. त्या गडगडत घुशीच्याच दाराशी जाऊन पडल्या. घूस माघारी वळली. चढून यायला जेवढा वेळ लागला होता, त्याहून जास्त वेळ तिला उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी खानावळीत गुळाची ढेप फोडली, आणि एक चांगला आवळ्याएवढा खडा मागच्या दारातून बाहेर उडाला. उंदरिणीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बाळंतिणीला गूळ! दातांत धरून मागे मागे सरकत ती तो ओढू लागली. आता सरळ वाटेने गेली असती तर ही गोष्ट सांगण्याचे कारणच उरले नसते. पण सरळ वाटेने गेले तर बघणार कोण? म्हणून ती आधी कावळ्याच्या झाडाखालून गेली, मग खारीच्या आंब्याला वळसा घालून आली. तिथून घुशीच्या दारावरून मुद्दाम सावकाश जाऊन गडगा चढली. दमट हवेने गूळ पाझरत होता. तिच्या मागे जमिनीवर एक ओलसर, चिकट रेघ उमटत होती. उंदरिणीने मागे वळून पाहिले ते फक्त कोण कोण बघते आहे हे पाहण्यासाठी. रेघ तिला दिसलीच नाही.

दुपारी पिल्लांना पाजून तिचा डोळा लागतो न लागतो, तोच कावळा ओरडला, "अगं उंदरे! तुझ्या वाटेवर ही तांबडी दोरी कुणी टाकली?"

उंदरिणीने बाहेर डोकावले. दोरी हलत होती. आंब्याच्या मुळाशी तांबड्या मुंग्यांचे वारूळ होते. तिथून निघालेली रांग गुळाच्या रेघेवरून, एकही वळण न चुकवता, गडग्याकडे येत होती. मागे एकदा खाली पडलेल्या घरट्यात या मुंग्या शिरल्या होत्या, तेव्हा बुलबुलाचे पिल्लू संध्याकाळपर्यंत उरले नव्हते. ज्याच्या अंगावर लव नाही आणि ज्याला पळता येत नाही, ते सगळे मुंग्यांना गुळासारखेच.

उंदरिणीने आधी गूळच दाराबाहेर लोटून दिला. खडा खाली पडला. थोड्या मुंग्या तिकडे वळल्या, पण रांग काही थांबली नाही. उंबरा चिकट होता, आतले गवतही चिकट झाले होते. ती धावत खाली गेली, रांगेवर तुटून पडली, पुढच्या मुंग्या तिने पायाखाली चिरडल्या. लगेच तिच्या पायांना, नाकाला, ओठांना डंख बसले. आणि चिरडलेल्यांच्या जागी मागच्या पुढे आल्या.

"बाई गं, हात जोडते," उंदरीण सगळ्यांत पुढच्या मुंगीला म्हणाली. "गूळ सगळा घेऊन जा. वर माझी लेकरं आहेत."

"आम्ही हात बघत नाही आणि लेकरं बघत नाही," मुंगी चालता चालता म्हणाली. "पुढचीनं वास ठेवायचा, मागचीनं तो धरायचा, एवढंच आम्हाला येतं. वाट आम्ही शोधली नाही. तूच आखून दिलीस."

उंदरिणीला तेव्हा ती रेघ दिसली. कावळ्याच्या झाडाखालून, आंब्याला वळसा घालून, सगळ्यांना दिसावी म्हणून निवडलेली वाट. आपल्याच दातांनी तिने मरण घरापर्यंत ओढत आणले होते. तिला रडू फुटले, पण रडायलाही सवड नव्हती. एका पिल्लाला तोंडात धरून पळावे तर चार मागे राहणार. आणि पळायचे तरी कुठे? वर आभाळात घार घिरट्या घालत होती.

एवढ्यात तिच्या लक्षात एक गोष्ट आली. सरळसोट येणारी ती रांग एकाच ठिकाणी वाकडी झाली होती. गूळ तर तिने घुशीच्या दारावरून नेला होता. पण मुंग्या त्या दारात पाऊल टाकत नव्हत्या. दुरूनच मोठा वळसा घेऊन त्या पलीकडे जात आणि पुन्हा रेघ धरत. घुशीच्या दारात काय होते? पिवळ्या साली. त्यांतल्या दोन कालच वरून ढकललेल्या.

उंदरीण दाराशी गेली खरी, पण तिची जीभ टाळ्याला चिकटली. काल हीच जीभ कशी सुरीसारखी चालली होती! आतून घुशीचाच आवाज आला.

"उभी काय राहिलीस? साल उचल आणि पळ!"

उंदरिणीने एक साल दातांत धरली. डंखांनी सुजलेल्या ओठांना लिंबू लागले आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी ती चढली. रांग वाकडी, तिची वाट सरळ. म्हणून ती मुंग्यांच्या जराशी आधी पोचली. तिने साल उंबऱ्यावर ठेवली. पुढची मुंगी थबकली, डावीकडे सरकली आणि सालीच्या बाजूने आत शिरली. तिच्यामागून दुसरी शिरली, मग आणखी काही.

"मावशी!" उंदरीण किंचाळली. "त्या बाजूनं जातायत!"

"ठेवू नकोस, घास!" घूस खालून ओरडली. म्हातारीला वर चढायला फार वेळ लागला असता आणि तिचे धूड त्या फटीत मावणारेही नव्हते, नाहीतर ती स्वतःच गेली असती. "पिवळी बाजू खाली कर आणि दगडावर घास! खानावळीच्या बाई तांब्याचा हंडा घासतात तशी! वाट पुसून टाक!"

उंदरिणीने साल उलटी केली आणि अंगातले सगळे बळ लावून उंबरा घासला. फटी घासल्या, दगडाची कड घासली, गूळ जिथे जिथे टेकला होता तिथे तिथे साल फिरवली. सालीतून तिखट वासाची वाफ उठली. एक साल झिजली. घुशीने नाकाने ढकलून दुसरी दगडावर चढवली, मग तिसरी. उंदरीण खाली येई, उचली, वर जाई. तिच्या ओठांतून रक्त येत होते.

आणि तेवढ्यात आतून एक बारीक किंकाळी आली.

आत शिरलेल्या मुंग्यांनी सगळ्यांत धाकट्या पिल्लाची शेपटी धरली होती. उंदरीण आत झेपावली. एकेक मुंगी तिने दातांनी उपटली. शेवटची सुटता सुटेना, तेव्हा शेपटीच्या टोकाचा कण तिच्याबरोबरच गेला. मग उंदरिणीने पाचही पिल्लांना कोपऱ्यात ओढले, भोवताली साल घासली आणि दाराकडे तोंड करून बसली. आता आल्या तर लढायला तिच्यात काही उरले नव्हते.

पण मुंग्या आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर त्यांचा गोंधळ उडाला होता. पुढचीचा वास मागचीला सापडेना. एक उजवीकडे जाई, एक डावीकडे, दोघी समोरासमोर येऊन डोकी आपटून परत फिरत. "वाट कुठं गेली?" "इथंच होती!" थोड्या वेळाने तांबडी दोरी मधोमध तुटली. खाली पडलेल्या गुळाचे कण उचलून त्या आल्या वाटेने चालत्या झाल्या. रागाने नव्हे हो. मुंग्यांना राग नसतो, वाट नसली की त्या जात नाहीत, इतकेच.

ऊन उतरल्यावर उंदरीण खाली घुशीच्या दाराशी आली. तिला पुष्कळ बोलायचे होते, पण ओठ सुजून भोपळा झाले होते.

"पोरं?" घुशीने विचारले.

"पाचही आहेत," उंदरीण म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "मावशी, मी तुम्हाला नको ते बोलले. तुमची भेट लाथाडली."

"बोललीस खरी. मला लागलंही," घूस म्हणाली. "पण त्यात पोरांचा काय दोष? अगं, या खानावळीच्या बाई मासळी साफ करून झाली की हात कशानं चोळतात, बघितलंस कधी? पिळलेल्या सालीनं. पाटा कशानं घासतात? सालीनंच. रस जिभेसाठी असतो. वास सालीत असतो, आणि तो कुणी पिळून नेत नाही."



पिल्ले मोठी झाली. धाकट्याची शेपटी जराशी आखूडच राहिली. एकदा उकिरड्यावर पापडाचा ताजा तुकडा सोडून आई लिंबाची साल उचलते आहे, हे पाहून त्याने विचारले, "आई, यात तर रस नाही. कशाला नेतेस?" फांदीवरचा कावळाही मान वाकडी करून ऐकू लागला, उंदरीण आता काय चटकदार बोलते, याची त्याला उत्सुकता होती.

उंदरिणीने साल दातांत घट्ट धरली. तिने सरळ वाटेने जाऊन पहिली साल घुशीच्या दारात ठेवली, आणि मगच दुसरी आणायला ती मागे वळली.

तात्पर्य : रस संपला म्हणून कुणाला चोथा समजू नये, आपण ज्याला पायाने लोटतो, संकटात त्याच्याच दाराशी हात जोडून उभे राहावे लागते.