आईसाहेबांनी राखलेली रोझमेरी

एक होता राजा, आणि राजाच्याही वर होती त्याची आई. तिला म्हणायचे आईसाहेब. तिच्यापुढे सगळे चळचळा कापायचे. पाय पांघरुणात घे रे आधी, मग पुढचं सांगते.

तर राजानं सातासमुद्रापलीकडची राणी आणली. लीना तिचं नाव. येताना तिच्या आईनं तिला रोझमेरीचं झाड दिलं. सुईसारखी बारीक पानं, पण नुसता हात लावला तरी घमघमाट! राणी रोज वास घ्यायची आणि म्हणायची, "हेच माझं माहेर."

आईसाहेबांना सुनेचं भारी कौतुक. त्यांनी झाड तुळशीशेजारी ठेवलं आणि रोज न्हाऊन तुळशीसारखंच तांब्याभर पाणी घातलं. मग राजानं घातलं. मग येणारी-जाणारी प्रत्येक बाई पुण्य म्हणून घालू लागली, बरं का! झाड काळं पडलं. मग काय, आणखी पाणी! राणीनं अन्न सोडलं, अंथरूण धरलं. राजवैद्यांनी हात टेकले.

आईसाहेबांनी कुंडीत बोट खुपसलं. आत नुसता चिखल, आंबूस वास. "अगं बाई, आम्हीच बुडवलं की पोरीचं माहेर!" म्हातारी ढसाढसा रडली. मग पदर खोचून उठली. शेंड्याची एकच फांदी हिरवी होती, ती कापली. खालची पानं काढली, तळाला भोक असलेल्या कुंडीत वाळू मिसळलेली माती भरली, त्यात फांदी खोचली. कुंडी कोवळ्या उन्हात ठेवली आणि स्वतः काठी घेऊन राखणीला बसली. वरची माती सुकली की घोटभर पाणी, तेही तिच्याच हातानं.

मग राजा तांब्या घेऊन आला. आईसाहेबांनी काठी आपटली, राजा पळाला. मग भटजी कलश घेऊन आले. तेही पळाले. मग भिंत धरत धरत राणी आली, हातात पेला, डोळे रडून लाल. "आईसाहेब, थोडंसं तरी घालू द्या." आता हिच्यावर काठी कशी उगारायची? आईसाहेबांनी काठी टाकली आणि तिला जवळ ओढलं. "नको पोरी. इथं माझ्यापाशी नुसती बस. आणि ही पेज पी."

दोघी बसल्या. दिवसामागून दिवस बसल्या. आणि एके सकाळी शेंड्याला नवी कोवळी पानं! राणी खळखळून हसली. म्हणाली, "आईसाहेब, आज पोळी खाईन!"

मग नगारे वाजले. हत्तीवर कुंडीची मिरवणूक निघाली. एका बाईनं भक्तिभावानं तांब्या उचलला, तर अख्खं नगर ओरडलं, "नको!" झाड डेरेदार झालं तेव्हा राणीनं त्याची पहिली डहाळी खुडली आणि आईसाहेबांच्या अंबाड्यात खोवली. आईसाहेब म्हणे लाजल्या!

सगळे आनंदानं नांदले. आता डोळे मिटा बघू, नाहीतर माझी काठी आहेच.