पाटावरून उठून गेलेला हत्ती

एका नगरात एक राजा होता, आणि त्या राजाला एक खूळ होतं. कशातही पहिला कोण, हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. बैलांत पहिला कोण, मिशांत पहिला कोण, अगदी घोरण्यातसुद्धा पहिला कोण. झोपलेल्या माणसाला काय ठाऊक की आपण शर्यतीत आहोत. पण राजाला कोण सांगणार?

त्याच नगरात तेल्याची येसू माहेरपणाला आली होती. सासर कडक. तिथे वर्षभर मान खाली, तोंड बंद. हस्त नक्षत्र लागलं की ती माहेरी यायची. मग अंगणात पाटावर तांदळाचा हत्ती मांडायचा, पोरींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा आणि पोटभर गायचं. भोंडला म्हणजे येसूचा वर्षाचा श्वास होता, बरं का. आवाज मात्र फुटक्या रांजणात खडे टाकावेत तसा. पण त्याची तक्रार ना पोरींची होती, ना हत्तीची.

एकदा काय झालं, तिन्हीसांजेला राजा त्या आळीतून चालला होता. फेर बघून थांबला आणि म्हणाला, "यात पहिली कोण?"

येसू म्हणाली, "पहिली कसली महाराज? गोल आहे हा."

झालं. राजाला रात्रभर झोप नाही. सकाळी दवंडी पिटली. भोंडला आता राजवाड्यात होणार. दरबारचे गवईबुवा ऐकणार. जिचा सूर ढळेल ती बाहेर, आणि जी बाहेर गेली तिने घरीही गायचं नाही. चांगल्या कानांना त्रास होतो म्हणे. पण हे चांगले कान येसूच्या अंगणात आलेच कशाला होते, सांगा बरं?

मग राजवाड्यात चंदनाचा पाट आला. त्यावर मोत्यांचा हत्ती मांडला. पोरींना ओळीत उभं केलं. पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी येसूच गेली. गवईबुवा म्हणाले, "बाई, तू नुसते ओठ हलवले असतेस तरी चाललं असतं." तेव्हा पाटावरच्या हत्तीने कान फडकवले. कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी पोरी गेल्या, कुणी मुसमुसत, कुणी दात खात. हत्तीने सोंड उचलली. तेही कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी उरली एकटी मंजुळा, सगळ्या पोरींत गोड गळ्याची. आता एकटीने फेर धरायचा कसा? तिने आपल्याच उजव्या हातात आपला डावा हात धरला, आणि गाता गाता रडायला लागली. रडणंसुद्धा सुरात, बरं का.

मग हत्ती उठला. पाटावरून उतरला, उतरता उतरता टेकडीएवढा झाला आणि वेशीबाहेर जाऊन माळावर आडवा झाला. गुराख्यामागे शेळ्या जाव्यात तसे आभाळातले सगळे ढग त्याच्यामागे गेले.

हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस. तो नाही तर शाळूची पेरणी नाही. पेरणी नाही तर भाकरी नाही. राजा घाबरला. त्याने माळावर माहूत पाठवले. हत्तीने शेपटी हलवली आणि साखळदंड सुतासारखे तुटले. मग गवईबुवा पाठवले. ते पहाटेपासून दुपारपर्यंत गायले. हत्तीने कूस बदलली. शेवटी राजा स्वतः ऊस आणि जरीची झूल घेऊन गेला. हत्तीने डोळेच मिटले.

इकडे येसूचा दीर गाडी घेऊन आला होता. "वहिनी, उद्या निघायचं." येसू चुलीपुढे बसली होती. तिकडे तोंड बंद, आता इकडेही बंद. ती उठली आणि तिने पदर खोचला.

"माझं गाणं यांच्या कुठल्या शेतात चरायला गेलं होतं?"

आई म्हणाली, "अगं, राजाचा हुकूम आहे."

"हुकूम गावात. माळ कुणाच्या बापाचा नाही."

तिने पोरींना हाका मारल्या. मंजुळालाही घेतलं. सगळ्या माळावर गेल्या. तिथे हत्तीजवळ राजा डोकं धरून बसला होता. पोरींना बघून त्याला हायसं वाटलं. "आलात? नीट गा हं. चुकू नका. पावसाचा प्रश्न आहे."

येसू म्हणाली, "पावसासाठी नाही आले, महाराज. उद्या मी सासरी जाणार. आज मला गायचंय. ऐकवत नसेल तर कानांत बोळे घाला."

आणि तिने सूर लावला. सूर कसला, रांजणच तो.

"हत्ती बसला ताटावरी, भात सांडला पाटावरी..."

कुणी ओळ विसरलं, कुणी मागचंच कडवं पुन्हा घेतलं, मंजुळाने पहिल्यांदाच सूर चुकवला आणि सगळ्या हसल्या. हत्तीने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. पण हत्ती टेकडीएवढा, आणि पोरी मूठभर. फेर पुरा होईना. येसू राजाला म्हणाली, "बसलात काय? हात द्या."

राजाने हात दिला. तरी पुरेना. गवईबुवा आले, माहूत आले, गाव आलं, येसूची आई आली, दीरसुद्धा आला. शेवटी वेढा पुरा झाला. सगळे गायला लागले, आणि राजाचा आवाज येसूपेक्षाही फाटका निघाला. फेर चालूच राहिला.

मग हत्तीने सोंड वर केली आणि असा पाऊस पडला की माळ, गाव, रानं, सगळं भिजलं. त्या वर्षी शाळू माणसाच्या डोक्यावरून वाढला.

दुसऱ्या दिवशी येसू सासरी गेली. तिथल्या पहिल्याच पहाटे जात्यावर बसली आणि गायला लागली. सासू उठून आली.

"फाटका आहे हो तुझा आवाज," सासू म्हणाली.

"आहे," येसू म्हणाली, आणि थांबली नाही.

मग सासू समोर बसली आणि तिने दुसऱ्या बाजूने खुंटा धरला. दोघींनी पायली दळली. पुढे ती सगळी माणसं पोटभर जेवली आणि गाढ झोपली. तुम्हीही आता पांघरूण ओढा आणि डोळे मिटा.