प्वेर्तोलुमाच्या मैदानावरची शांतता

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्र थेट भिंतीवर येऊन आदळतो अशा जागी, प्वेर्तोलुमाच्या फुटबॉल क्लबचं मैदान आहे. तिथे पहिल्यांदा सामना बघणारा माणूस बावचळतो. घरच्या संघाने गोल केला की माणसं उभी राहतात, आणि गप्प राहतात. लाटांचा आवाज तेवढा येत राहतो. गोल मारणारा मागे वळतो, ज्याने पास दिला त्याच्यापर्यंत चालत जातो आणि त्याचा हात धरून उंच करतो. मग जो जल्लोष उठतो, तो पास देणाऱ्याच्या नावाचा.

पाहुण्यांना मैदान दाखवायला एउलालियाआजी येतात. त्यांचे वडील इथले रखवालदार होते. समुद्राकडच्या गोलपाशी त्या थांबतात आणि सांगू लागतात.

क्लब नवा होता तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. गावातल्या मासळीच्या कारखान्यात काम करणारे लोकच रविवारी खेळायचे. त्यांत फेर्मीन आणि आन्सेल्मो हे दोघे लहानपणापासूनचे मित्र. आन्सेल्मो मधून चेंडू काढून द्यायचा आणि फेर्मीन तो जाळ्यात मारायचा. आन्सेल्मोचा पास म्हणे असा यायचा की फेर्मीनला मान वर करून बघावंही लागत नसे. धावत राहायचं, चेंडू पायाशी हजर.

पण नाव व्हायचं फेर्मीनचं. दारूच्या गुत्त्यात त्याच्यापुढे पेला आपोआप यायचा. न्हावी रांग सोडून त्याला आधी बसवायचा. आन्सेल्मो हे सगळं हसून बघायचा. एक गोष्ट मात्र त्याला सोसवत नसे. रविवारी संध्याकाळी तो चिखलाने माखून घरी आला की त्याची स्वतःची आई दारातच विचारायची, "आज फेर्मीनने किती मारले रे?"

तो आकडा सांगायचा आणि न जेवता झोपायचा. फेर्मीन हसला तरी त्याला टोचू लागलं, न हसला तरी टोचू लागलं. मैदानावर फेर्मीनच्या नावाचा गजर व्हायचा तेव्हा आन्सेल्मो वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा, सुटलेली नसली तरी.

त्या वर्षी क्लब पहिल्यांदा प्रांताच्या चषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचला. सामना इथेच होता. प्वेर्तोलुमा एका गोलने पुढे होतं. शेवटी शेवटी आन्सेल्मोला चेंडू मिळाला आणि फेर्मीन नेहमीसारखा पळत सुटला. आन्सेल्मोच्या मनात आलं, एकदा तरी हा चुकू दे. एकदा तरी लोक याला हसू देत. आणि त्याने पास हातभर लांब टाकला. मुद्दाम.

फेर्मीनने पाय ताणून झेप घेतली. समोरून गोलकीपर पुढे घसरत आला. हाड मोडल्याचा आवाज भिंतीपाशी बसलेल्यांनाही ऐकू आला, असं म्हणतात. फेर्मीनचा खेळ त्या दिवशी संपला.

लोकांनी दोष दिला त्या गोलकीपरला. आन्सेल्मोच्या मात्र पाठीवर हात फिरवले, मित्राचा पाय गेला म्हणून. अंतिम सामन्यात फेर्मीनच्या जागी पुढे खेळायला उभा राहिला आन्सेल्मोच. घरून निघताना आईने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "फेर्मीन असता तर काळजी नव्हती." पाय मोडलेल्या माणसाचाही त्याला हेवा वाटला. आजी हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज खाली येतो.

त्या सामन्याला फेर्मीन आला होता. पायाला फळ्या बांधलेल्या, हातात कुबडी. आजींच्या वडिलांनी त्याला खुर्चीवर बसवून मैदानाच्या कडेला आणलं होतं. उत्तरार्धात ग्रेगोरिओ नावाच्या एका अबोल खेळाडूने डावीकडून पास दिला आणि आन्सेल्मोने गोल मारला. सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडू लागलं. इतकी वर्षं ज्याची भूक होती ते कानावर पडत होतं. त्याने पाहिलं तर फेर्मीन टाळ्या वाजवत होता.

ते बघून आन्सेल्मो धावत खुर्चीपाशी गेला आणि गुडघ्यावर बसला.

"तो पास मी मुद्दाम लांब टाकला होता."

"ठाऊक आहे," फेर्मीन म्हणाला. "तुझ्या पायातून सुटला तेव्हाच कळलं."

"मग थांबला का नाहीस?"

"तुझ्या पासवर मी कधी थांबलो होतो?" फेर्मीन म्हणाला, "जळत मीही होतो रे. चेंडू कुठे जायचा ते तुला आधी दिसायचं, मला कधीच नाही. म्हणून तर लोकांपुढे तुझं नाव एकदाही काढलं नाही."

जवळ उभ्या असलेल्या आजींच्या वडिलांनी हे आपल्या कानांनी ऐकलं. मग फेर्मीनने कुबडी वर उचलली. त्याला काही बोलायचंय असं वाटून लोक गप्प झाले. हळूहळू सगळं मैदान शांत झालं. त्या शांततेत तो ओरडला, "ग्रेगोरिओ! पास ग्रेगोरिओचा होता!" आन्सेल्मो उठला, ग्रेगोरिओपाशी चालत गेला आणि त्याने त्याचा हात उंच केला.

चषक प्वेर्तोलुमाला मिळाला. आन्सेल्मोने म्हणे त्याच दिवशी शपथ घेतली, यापुढे गोलवर चेंडू मारणार नाही. त्यानंतर तो बरीच वर्षं खेळला. क्लब वरच्या श्रेणीत गेला, मोठमोठ्या शहरांच्या संघांना हरवून आला. एकदा तर समोर गोल मोकळा होता, कीपर पडलेला होता, तरी आन्सेल्मो चेंडू पायाखाली दाबून उभा राहिला, सोबती येईपर्यंत.

"मग आन्सेल्मोचा मत्सर गेला का?" असं पाहुणे विचारतात. आजी मान हलवतात. म्हातारपणी आन्सेल्मो स्वतःच सांगायचा म्हणे, दुसऱ्याचं नाव गाजलं की अजून हात बुटाच्या नाडीकडे जातो.

आजही एखादा गोल मारणारा मागे वळायला वेळ लावतो. मान खाली घालून तिथेच उभा राहतो. मैदानाला कळतं, आत काय चाललंय ते. कुणी त्याला घाई करत नाही. तो चालू लागेपर्यंत सगळे उभ्या उभ्या वाट बघतात.